परडीतलं फूल जिवंत असतं

गौरी-गणपतीच्या दिवसांत बागेतून एकाच सकाळी खुडून-वेचून आणलेली फुलं घरात सारखी टिकत नाहीत. प्राजक्त दुपारपर्यंत मलूल होतो. जास्वंद संध्याकाळी मिटते, मग ती पाण्यात ठेवलेली असो की कोरड्या ताटात. तेरडा दुसऱ्या दिवशी मान टाकतो. निशिगंधाची दांडी मात्र पुढचे कितीतरी दिवस खालून वर एकेक कळी उमलवत राहते, आणि झेंडू तर विसर्जनानंतरही रंग धरून असतो. पाणी तेच, हवा तीच, खुडणारे हातही तेच. मग एवढा फरक का पडतो?

त्याचं उत्तर शोधायचं तर आधी एक समजूत बाजूला ठेवावी लागते. खुडलेलं फूल मेलं असं आपण धरून चालतो, पण तसं नसतं. ते श्वास घेत असतं, पाणी ओढत असतं, साठवलेली साखर खर्च करत असतं आणि स्वतःचं वय मोजत असतं. झाडाकडून येणारी रसद तेवढी थांबलेली असते. फुलदाणी सजवण्याची कला मोठीच आहे, पण फुलं किती टिकणार याचा बराचसा निकाल बागेत, हातात सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, असतानाच लागतो.

देठ कापला की आत काय होतं?

झाडात पाणी वर चढतं ते मुळांनी ढकललं म्हणून, असं अनेकांना वाटतं. खरं काम पानं करतात. पानांच्या पाठीवर असलेल्या बारीक छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, पाण्याची वाफ सतत बाहेर जाते. ती गेली की मागचं पाणी वर खेचलं जातं. देठातल्या केसाहून बारीक जलवाहिन्यांमधून मुळापर्यंत पाण्याची एक अखंड साखळी ताणलेली असते. इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स यांनी पानांतून किती पाणी बाहेर पडतं याची मोजमापं १७२७ साली प्रसिद्ध केली, आणि पाण्याच्या कणांना एकमेकांना धरून ठेवता येतं म्हणून ही साखळी तुटत नाही, हा सिद्धांत डिक्सन आणि जोली यांनी १८९४ साली डब्लिनमध्ये मांडला.

शहाळ्यात नळी घालून पाणी ओढताना नळीचं टोक पाण्याच्या वर आलं तर काय होतं ते आठवा. हवा आत शिरते, नुसता घुर्रघुर्र आवाज येतो आणि तोंडात पाणी येत नाही. देठ कापतो त्या क्षणी हेच घडतं. ताणलेलं पाणी चटकन वर सरकतं आणि रिकाम्या झालेल्या टोकात हवा शिरते. नंतर देठ भांडंभर पाण्यात बुडवला तरी त्या वाहिन्यांत हवेचा बुडबुडा बूच होऊन बसलेला असतो. पाण्यात उभा असलेला गुलाब तहानेने मान टाकतो, तो बहुतेक वेळा यामुळे.

उपाय सोपा आहे. हवा देठाच्या टोकाशीच अडकलेली असते. घरात आल्यावर देठाचा खालचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा पुन्हा कापून टाकायचा, आणि तो पाण्याच्या पातेल्यात देठ बुडवून, पाण्याखालीच कापायचा. मग उघड्या वाहिनीत हवेऐवजी पाणी शिरतं. जपानमधल्या इकेबाना या पुष्परचनेच्या परंपरेत पाण्याखाली देठ कापणं ही रचनेआधीची शिस्तच आहे. पाणी अंगाला सोसेल इतपत कोमट असेल तर आणखी चांगलं. कोमट पाण्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते पातळही असतं, त्यामुळे लवकर वर चढतं.

काप तिरका घ्यावा. तिरक्या कापातून पाणी फार जास्त येतं असं नाही, पण देठ भांड्याच्या तळाला सपाट चिकटून बसत नाही, हा त्याचा खरा उपयोग. कडक देठ हातोडीने ठेचावेत असा सल्ला जुन्या पुस्तकांत दिसतो. तो सोडून द्यावा. ठेचलेल्या देठातून पेशींचा रस पाण्यात उतरतो, त्यावर जंतू पोसतात आणि वाहिन्याही दबतात. धारदार सिकेटर किंवा सुरी आणि एकच स्वच्छ काप, एवढं पुरतं.

खुडायची वेळ

रात्री पर्णरंध्रं बहुतेक मिटलेली असतात, वाफ कमी जाते आणि मुळं पाणी घेत राहतात. म्हणून पहाटे झाड पाण्याने भरलेलं असतं. देठ ताठ आणि पाकळ्या टवटवीत असतात, आतला ताणही कमी असतो, त्यामुळे कापताना हवा कमी शिरते. दुपारी सगळं उलट असतं. दुपारी एकला खुडलेली शेवंती आणि सकाळी सहाला खुडलेली शेवंती एकाच झाडाची असली तरी त्यांच्यात खूप फरक पडतो. सकाळ हुकली तर ऊन उतरल्यावर खुडावं. दिवसभर पानांनी तयार केलेली साखर तेव्हा देठात असते, हा संध्याकाळचा फायदा आहे. कापल्यावर मात्र तासभर सावलीत, गळ्यापर्यंत पाण्यात ठेवायला हवं. बागेत जातानाच पाण्याची बादली सोबत न्यावी.

कळी किती उमललेली असावी, हे प्रत्येक फुलाचं वेगळं असतं. पाकळी उमलते म्हणजे तिच्या पेशी पाणी घेऊन फुगतात. त्यासाठी पेशींत साखर लागते, कारण साखरच पाणी आत ओढून घेते. ज्या कळीत ही शिदोरी आधीच भरलेली असते, ती खुडल्यावरही उमलते. सकाळी खुडलेली मोगऱ्याची मिटलेली पांढरी कळी गजऱ्यात गुंफली तरी रात्री उमलते, ती त्यामुळे. डेलियाची कळी मात्र अपुऱ्या शिदोरीची असते. ती फुलदाणीत तशीच राहते आणि मग काळवंडते. डेलिया, शेवंती, झेंडू पूर्ण उमलल्यावरच घ्यावेत. निशिगंध आणि ग्लॅडिओलस यांच्यासारख्या दांडीच्या फुलांत खालची एक-दोन फुलं रंग दाखवू लागली की दांडी कापावी. ग्लॅडिओलसच्या झाडाला किमान चार पानं राखावीत, कारण पुढच्या वर्षीचा कंद त्या पानांवर पोसला जातो.

गुलाबाची बाहेरची पाकळी जरा सुटली की तो घ्यावा. अगदी घट्ट कळी घेतली तर कळीखालची मान अजून कोवळी असते, फुलाचं ओझं तिला पेलत नाही आणि ती वाकते. झिनियासाठी बागेतल्या लोकांची एक परीक्षा आहे. फुलाखाली वीतभर अंतरावर देठ धरून हलकेच हलवायचा. फूल लटपटलं तर थांबायचं, ताठ राहिलं तर कापायचं.

जाई, मोगरा, निशिगंध यांच्याबद्दल एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. ही फुलं खुडल्यानंतरही सुगंध तयार करत राहतात. फ्रान्समधल्या ग्रास गावच्या अत्तरवाल्यांनी हे ओळखलं होतं. तिथे काचेवर चरबीचा थर पसरून त्यावर जाईच्या जातीची आणि निशिगंधाची ताजी फुलं मांडत, आणि ती रात्रभर सोडत असलेला सुवास चरबीत मुरवत. गुलाब मात्र तिथे गरम पाण्यात किंवा वाफेवर घातला जाई, कारण खुडल्यावर त्याचा सुगंध फारसा वाढत नाही.

पाणी शिळं होतं तेव्हा

हवेच्या बुडबुड्यानंतर देठाचा दुसरा शत्रू म्हणजे जंतू. पाण्यात बुडलेलं प्रत्येक पान कुजतं, त्यावर जंतू वाढतात आणि त्यांचा बुळबुळीत थर देठाच्या तोंडाशी जमतो. झेंडूच्या पाण्याला दोन दिवसांत जो वास येतो तो फुलाचा नसतो, बुडालेल्या पानांचा असतो. जरबेऱ्याच्या पोकळ आणि लव असलेल्या देठाला जंतूंचा त्रास सर्वांत जास्त होतो, म्हणून जरबेरा चार बोटं पाण्यातच उभा करावा. गुलाबाला मात्र खोल पाणी चालतं.

बाजारात फुलांच्या पाण्यात टाकायच्या पुड्या मिळतात. त्यांत तीन गोष्टी असतात: साखर, आम्ल आणि जंतुनाशक. साखर फुलाचं अन्न. आम्लामुळे पाणी वाहिन्यांतून सहज चढतं आणि जंतूंनाही ते मानवत नाही. जंतुनाशक उरलेलं काम करतं. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि कपड्यांसाठी वापरतात त्या साध्या ब्लीचचा पाव चमचा पुरे. लिंबू आणि ब्लीच एकमेकांत थेट कधीच मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो. आधी पाण्यात साखर आणि लिंबू विरघळू द्यावं आणि ब्लीच शेवटी टाकावं. नुसती साखर टाकणं हा सर्वांत वाईट पर्याय, कारण ती फुलाआधी जंतूंच्या पोटात जाते. यातलं काहीही जमलं नाही तरी रोज पाणी बदलणं, भांडं साबणाने घासणं आणि एक दिवसाआड देठाचं टोक कापणं एवढ्यानेच बहुतेक फुलं जास्त दिवस टिकतात.

दूध असलेल्या देठांना वेगळी काळजी लागते. पॉइन्सेटिया, देवचाफा यांचा चीक वाहिन्यांच्या तोंडावर सुकतो आणि बूच बसतं. चीक आधी गळू द्यावा आणि देठाचं टोक काही सेकंद उकळत्या पाण्यात धरून मग गार पाण्यात ठेवावं. हात धुवावेत, चिकाने त्वचा आणि डोळे चुरचुरतात.

आंब्याच्या पेटीजवळ फुलदाणी नको

एकोणिसाव्या शतकात युरोपात रस्त्यांवर वायूचे दिवे होते. जिथे नळीतून वायू गळत असे तिथल्या झाडांची पानं अवेळी गळत. सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबोव्ह यांनी प्रयोगशाळेतली वाटाण्याची रोपं वेडीवाकडी का वाढतात याचा शोध घेतला आणि १९०१ साली दाखवून दिलं की या दिव्यांच्या वायूतला इथिलीन हा घटक त्याला कारण आहे. पुढे कळलं की झाडं स्वतःसुद्धा इथिलीन तयार करतात. आढीतला आंबा पिकतो, केळ्यांचा घड एकदम पिवळा होतो, ते यामुळेच. फळाला हा वायू पिकण्याचा निरोप देतो आणि अनेक फुलांना म्हातारं होण्याचा.

कार्नेशन, ऑर्किड, पिटुनिया, अँटिर्‍हिनम आणि जास्वंद यांना इथिलीन फार लवकर बाधतं. ही फुलं पिकलेल्या आंब्या-केळ्यांशेजारी ठेवली की पाकळ्या आत वळतात किंवा गळतात. शेवंती आणि जरबेऱ्याच्या पाकळ्यांना त्याचं फारसं काही वाटत नाही. शेवंतीची पानं आधी पिवळी पडतात आणि फूल शाबूत असतं, हे तुम्ही पाहिलं असेल. कोमेजलेलं फूलही इथिलीन सोडतं, त्यामुळे रचनेतलं एक फूल गेलं की ते लगेच काढून टाकावं. फ्रिजमध्ये गजरा ठेवताना तो ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून, फळांच्या कप्प्यापासून लांब ठेवावा. गारव्यात फुलाचा श्वास मंदावतो आणि शिदोरी पुरून उरते. अँथुरियम आणि ऑर्किड मात्र उष्ण प्रदेशातली फुलं आहेत, फ्रिजच्या थंडीने ती काळी पडतात.

तेरड्याचा रंग तीन दिवस

ही म्हण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही पक्की आहे. तेरड्याचं फूल उमलतं तेव्हा त्यातले पुंकेसर एकत्र चिकटून एक टोपी तयार झालेली असते आणि तिच्याखाली स्त्रीकेसर झाकलेला असतो. आधी फूल पराग देतं. मग टोपी गळते, स्त्रीकेसर उघडा होतो आणि दुसऱ्या फुलाचा पराग घेतो. काम झालं की पाकळ्या ठेवण्यात झाडाला काही लाभ नसतो, म्हणून त्या सुकण्याची वाट न पाहता सांध्यापाशीच गळतात. त्यात देठ पाणीदार आणि मऊ, कापल्यावर लगेच लवणारा. फुलदाणीसाठी हे झाड नव्हे, ते बागेतच शोभतं. हात लावताच फुटणाऱ्या त्याच्या शेंगा मुलांना आवडतात, आणि पुढच्या पावसाळ्यातली रोपं त्यांतूनच येतात.

जास्वंदीचं आयुष्य एका दिवसाचंच ठरलेलं आहे. पेशी ठरल्या वेळी आपलं काम आवरतात, पाणी देऊन ते टळत नाही. म्हणून जास्वंद पाण्याशिवायही दिवसभर तशीच राहते आणि ताटात, थाळीत, देवासमोर कुठेही ठेवता येते. प्राजक्त रात्री उमलतो आणि पहाटे फुलाची नळी बुडाशी सुटून खाली येतो. तो खुडायचा नसतोच. झाडाखाली स्वच्छ धोतर किंवा चादर अंथरून वेचायचा.

झेंडू आणि शेवंती यांचं गणित निराळं. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो शेकडो छोट्या फुलांचा गुच्छ असतो. ती कडेकडून मधे या क्रमाने उमलतात, त्यामुळे पूर्ण गुच्छ म्हातारा व्हायला बराच काळ लागतो.

> चौकट: बागेतून फुलदाणीपर्यंत
> पहाटे खुडा, पाण्याची बादली सोबत ठेवा.
> दांडीची फुलं खालची कळी रंग दाखवू लागल्यावर, गुच्छाची फुलं पूर्ण उमलल्यावर घ्या.
> घरी आल्यावर पाण्याखाली देठ पुन्हा कापा. पाण्यात बुडणारी सगळी पानं काढा.
> रचना करण्याआधी दोन तास अंधाऱ्या, गार जागी खोल पाण्यात ठेवा.
> पंखा, ऊन, टीव्ही आणि फळांची परडी यांपासून लांब ठेवा.

ऋतूची परडी

पावसाळ्यात रंग भरपूर आणि टिकाऊपणा कमी. सोनटक्का, गुलबाक्षी, कर्दळ या सगळ्या फुलांना उथळ, रुंद भांडं शोभतं. पितळी परातीत किंवा उरळीत पाणी घेऊन फुलं तरंगत ठेवली की लांब देठाचा प्रश्नच उरत नाही. कळलावी ही या दिवसांतली सर्वांत देखणी वेल, पण तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात, कोल्चिसिन हे जहाल विष असतं. कण्हेर आणि बिट्टीही विषारी. लहान मुलं किंवा पाळीव प्राणी असतील तिथे ही फुलं हाताला लागणार नाहीत अशी ठेवावीत आणि फुलदाणीतलं पाणी जपून ओतावं. जाईही याच ऋतूतली; गोव्यात म्हार्दोळच्या म्हालसा देवळात जायांची पूजा पावसाळ्यातच होते.

दसरा-दिवाळीनंतर खरी चैन सुरू होते. शेवंती याच दिवसांत का येते? ती रात्र मोजते. रात्रीची लांबी एका मर्यादेपलीकडे वाढली की तिला कळ्या धरतात. झाडं दिवस-रात्रीच्या लांबीवरून फुलतात हे गार्नर आणि अलार्ड यांनी १९२० साली अमेरिकेत सिद्ध केलं. तुमची शेवंती रात्रभर पेटणाऱ्या दिव्याखाली असेल तर ती उशिरा फुलेल किंवा फुलणारच नाही, कुंडी हलवून पाहा. डेलिया, झिनिया, कॉसमॉस, ॲस्टर, फ्लॉक्स, अँटिर्‍हिनम हे सगळे थंडीचे पाहुणे. झिनिया, झेंडू, कॉसमॉस जितके खुडाल तितके जास्त फुलतात, कारण बी धरू दिलं नाही तर झाड पुन्हा कळ्या काढतं. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन जरूर पाहावं. तिथल्या रचना पाहताना फुलांपेक्षा देठ आणि भांडी यांकडे जास्त लक्ष द्या.

उन्हाळा सुगंधाचा: मोगरा, अनंत, सोनचाफा. वसईतला सोनचाफा दादरच्या फुलबाजारात येतो तो त्याच सकाळी विकावा लागतो, इतका तो नाजूक. अनंताला बोट लागलं की तपकिरी डाग पडतो, म्हणून तो देठाला धरून हाताळावा.

मांडणी

आधी भांडं निवडावं, मग फुलं. सर्वांत उंच दांडी भांड्याच्या उंचीच्या साधारण दीडपट असावी, यापेक्षा उंच गेली तर रचना डोलते आणि डोळ्यालाही खटकते. गडद, मोठी फुलं खाली, फिकी आणि कळ्या वर. पण हे नियम धरून बसू नये. बागेत फूल ज्या दिशेने वळलेलं होतं त्याच दिशेने ते भांड्यात ठेवलं तर अर्धी रचना आपोआप होते. ग्लॅडिओलसची दांडी आडवी ठेवली की शेंडा काही तासांत वर वळतो, कारण झाडाला खालची दिशा कळते. म्हणून ती उभीच ठेवावी.

पानांना फुलांइतकाच मान द्यावा. आंब्याची पानं त्यांच्या मेणचट थरामुळे दिवसचे दिवस टिकतात. नेचा, क्रोटन, कर्दळीचं पान, गवती चहाची पाती, अगदी पुदिन्याची फांदीसुद्धा रचनेला जीव देते.

एका गोष्टीबद्दल माझं स्पष्ट मत आहे. फुलं खोचायला मिळणारा हिरवा स्पंज घरात वापरू नये. १९५४ पासून तो जगभर पसरला, पण तो प्लास्टिकसारखाच न कुजणारा पदार्थ आहे. त्याचा बारीक चुरा पाण्याबरोबर नाल्यात आणि तिथून नदीत जातो. त्याऐवजी भांड्याच्या तोंडात बांबूच्या काड्यांची जाळी बसवावी, कोंबड्यांच्या खुराड्याची तार चुरगाळून आत घालावी किंवा खिळ्यांची बैठक वापरावी. हे सगळं वर्षानुवर्षं टिकतं, आणि कोमेजलेली फुलं थेट खतात जातात.

रानातलं फूल रानातच

बाग आपण लावलेली असते, तिथून खुडण्याचा आपल्याला हक्क आहे. पठारांचं तसं नाही. साताऱ्याजवळचं कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे. तिथली बहुतेक रोपं पातळ मातीत पावसाच्या थोड्या महिन्यांत उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि संपतात. तिथून खुडलेलं प्रत्येक फूल म्हणजे पुढच्या वर्षासाठी न पडलेलं बी. सह्याद्रीच्या उतारांवरची कारवी तर सात वर्षांतून एकदाच फुलते आणि बी धरून मरते. तिची एक फांदी तोडली तर त्या झाडाची सात वर्षांची कमाई जाते. सप्टेंबरात तिकडे जाल तेव्हा सिकेटर घरीच ठेवा, आणि मुलांनाही कारवीला हात न लावता पाहायला शिकवा.